कनकलेखा अजून पेवात आहे

सांगली,
वैशाख शुद्ध पंचमी, सन १९४४

तीर्थस्वरूप सौ. विनूमावशीस,

चारुशीलेचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या वगळावा. कारण पुढे येईल.) इकडे सर्व क्षेम आहे. आईची कंबर गेल्या महिन्यापेक्षा बरी आहे. दादा रोज दोन मैल चालतो असे सांगतात. मी मोजले, ते सव्वा भरले. तुझा खोकला सातारच्या वाऱ्याने वाढतो, तेव्हा संध्याकाळी गच्चीवर बसून लिहू नकोस. गंगाधरकाकांचे पित्त कसे आहे ते कळव. त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र दाखवू नकोस. तू दुपारी वहीत जुन्या ओव्या उतरवून काढतेस हा त्यांचा समज इतकी वर्षे टिकला आहे, तो माझ्या हातून मोडायला नको.

तू मागच्या दोन्ही पत्रांत एकच प्रश्न विचारला आहेस, की कादंबरीचे हस्तलिखित अक्षय्य तृतीयेच्या आत चिंतामणरावांच्या छापखान्यात पोचले की नाही. प्रश्न रास्त आहे. लढाईमुळे कागद मिळत नाही. चिंतामणरावांनी खटपट करून तुझ्या पुस्तकापुरता कागद मिळवला, आणि तृतीयेच्या सूर्यास्तापर्यंत मजकूर हाती आला नाही तर त्याच कागदावर ‘मूळव्याध : कारणे व पथ्य’ छापायला घेणार, असे त्यांनी मला तोंडावर सांगितले होते. दुसरी प्रत नाही, हेही मला ठाऊक होते. तरी उत्तर मी क्रमाने देणार आहे. शेवट आधी सांगितला तर तू मधले वाचणार नाहीस, आणि मधल्यात थोडा दोष तुझा आहे.

तो दोष आधी सांगून टाकते. तू तीनशे बारा पाने बांधलीस ती हिरव्या खणात. काकांनी विचारले तर भाचीला ओटीचा खण पाठवते आहे असे सांगता यावे, म्हणून. युक्ती चांगली होती, फारच चांगली होती. तिला पुढे काका सोडून सगळे फसले.

मी कादंबऱ्या वाचत नाही. तुझी वाचायला घेतली ती तू शास्त्रीय चुका काढून दे असे लिहिलेस म्हणून. मी क्रमाने वाचते, चूक दिसली की पानाचा आकडा घालून नोंदते आणि तिचा निकाल लागल्याशिवाय पुढे जात नाही. अठराव्या प्रकरणाअखेर, म्हणजे पान दोनशे त्रेचाळीसपर्यंत, एकूण एकेचाळीस आक्षेप झाले. (तुझा नायक शार्दूलराव एका उडीत ओलांडतो त्या दरीची रुंदी तू पान बावन्नवर तीस हात दिली आहेस आणि पान साठवर पन्नास. दरी रुंदावत नसते.) हैबतबाईच्या भुताबद्दल मी एकही आक्षेप घेतलेला नाही, कारण तो माझा विषय नाही. सरदाराने शंभर वर्षांपूर्वी बायकोला पेवात कोंडून मारले आणि संकट यायच्या आधी तिचे पैंजण वाजतात, यात मोजण्यासारखे काही नाही. माझा मुख्य आक्षेप सातवा. पान दहावरच तू वाचकाला बजावतेस की नायिका कनकलेखा हिला पुढे तीन दिवस बंद पेवात काढायचे आहेत, आणि तिच्या सोबतीला एक समई असेल, ती अखंड तेवेल.

तू पेव पाहिलेले नाहीस हे त्या पानावरून कळते. हरिपूरला कृष्णेच्या काठी जमीन अशी आहे की तीत तीस-तीस फुटांचे खड्डे खणले तरी ढासळत नाहीत आणि आत ओल येत नाही. आकार रांजणासारखा : पोट मोठे, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. आत उसाचे पाचट आणि चटया लावून हळद भरतात आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपतात. वर्षे गेली तरी कीड लागत नाही, कारण आत किड्यालाही श्वास घेता येत नाही. तिथे समई तीन दिवस तेवणार नाही. समई विझेल, आणि तिच्या मागोमाग कनकलेखा. हे मला गणिताने ठाऊक होते, पण पाहिलेले नव्हते. न पाहिलेली गोष्ट लिहून द्यायची नाही हा माझा नियम आहे, म्हणून दहाव्या पानावर थांबून चैत्रात एका दुपारी सायकलवरून मी हरिपूरला गेले.

कॉलेजातल्या आमच्या रसायन-प्रयोगशाळेच्या शिपायाची, कोंडीबाची, बायको हरणाबाई तिथे नानासो व्यापाऱ्यांच्या पेवांवर हळद निवडायला जाते. तिने मला मुकादमापुढे उभे केले. आकाराम साठीचे आहेत, पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, आणि फार कमी बोलतात. मी विचारले, बंद पेवात एक बाई आणि एक समई तीन दिवस राहिली तर काय होईल. माझी अपेक्षा होय किंवा नाही एवढ्याच उत्तराची होती. आकारामांनी विचारले, बाई तिथे गेलीच कशाला. मी म्हटले, गेली नाही, टाकणार आहेत. त्यांनी विचारले, कोण. आता भैरोजी कारभाऱ्याचे नाव घ्यायचे तर इनाम सांगावे लागते, इनाम सांगायचे तर कनकलेखेचे वडील, आणि वडील आले की शार्दूलराव आलाच. मी तो शक्य तितका थोडक्यात उरकला. मान वर केली तेव्हा पंधरा बायांचे हात हळदीत थांबलेले होते.

त्यानंतर आठ दुपारी, तीन ते पाच, चिंचेखाली मी सातवा आक्षेप तसाच ठेवून तुझी कादंबरी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. (माझे वाचन तुला माहीत आहे. मी प्रयोगाची कृती वाचते तसेच वाचते, आवाज चढवत नाही. त्याने कोणाचे काही बिघडले नाही.) बाया हळद निवडत आणि मधूनमधून मत देत. शार्दूलरावाबद्दल हरणाबाईचे मत पहिल्याच दिवशी झाले, “ह्यो लय बोलतो आन् येळंला येत न्हाई.” ते मी यादीच्या शेवटी बेचाळिसावा आक्षेप म्हणून लिहून घेतले आहे. पण तुला सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हैबतबाईचे पैंजण वाजायची जागा आली, की ज्यांच्या पायांत वाजणारे काही होते त्या बाया ते हाताने घट्ट धरून बसत. कोणी कोणाला सांगितले नव्हते. त्या आपापले घोटे धरून, बाकीच्या हळद तशीच मुठीत धरून. मावशी, मी चार वर्षे मुलांना प्रयोग दाखवते आहे. दिव्यावर काचेची नळी फुटते तेव्हासुद्धा इतकी शांतता होत नाही. मी पान उलटायचे थांबत असे, आणि थांबले आहे हे मला नंतर कळे.

नवव्या दिवशी मधले पेव बंद करायचे होते. ते तिसरा हिस्साच भरले होते, आणि माल दिवाळीनंतर विकायचा होता. पेव बंद करण्याआधी तिथे त्याची ओटी भरतात. पेव म्हणजे पोटुशी बाई, पोटात माल घेऊन बसणारी, तेव्हा नारळ, तांदूळ, हळकुंडे आणि सुपारी हिरव्या खणात बांधून, कुंकू लावून टोपलीतून खाली सोडायची. आत उतरलेला पुरुष ती टोपलीतून काढून हळदीवर ठेवतो, पण ओटीकडे बघत नाही. बघायचे नसते. आकाराम त्या दिवशी स्वतः आत उतरले होते आणि त्यांनी नियम पाळला. वर मी नुकतेच अठरावे प्रकरण संपवले होते. भैरोजीने कनकलेखेला पेवात ढकलले, दगड सरकवला, आणि तू प्रकरण तिथेच तोडलेस. बाया डोळे पुसत होत्या. मी हस्तलिखित खणात बांधून ओटीच्या सुपाशेजारी ठेवले. हरणाबाईने रडतारडता एक गाठोडे टोपलीत ठेवले आणि दुसरे माझ्या पिशवीत घालून पिशवी सायकलला अडकवली. वजनातला फरक माझ्या लक्षात यायला हवा होता, मी रोज तराजू वापरते. पण त्या दिवशी मी सांगलीपर्यंत दुसऱ्याच विचारात आले. (भैरोजीने दगड एकट्याने कसा सरकवला या.)

पुढे सहा दिवस प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. शिवाय आम्ही नसताना पुढचे पान बघायचे नाही असे बायांनी माझ्याकडून कबूल करून घेतले होते, म्हणून पिशवी मी ट्रंकेत ठेवून कुलूप लावले होते. तृतीयेच्या सकाळी नऊ वाजता छापखान्यात नेण्याआधी पाने मोजावीत म्हणून गाठोडे सोडले, तर आत एक नारळ, पावशेर तांदूळ, पाच हळकुंडे आणि पाच सुपाऱ्या. मी ते सगळे दोनदा मोजले. दुसऱ्यांदा कशासाठी मोजले ते सांगता येत नाही.

ती ओटी घेऊन साडेनऊला मी हरिपुरात होते. आकारामांनी सगळे ऐकून घेतले आणि नाही म्हणाले. मी कागदटंचाई सांगितली, मुदत सांगितली, मूळव्याधीचेही सांगितले. त्यांचे उत्तर एकच. “आवं बाई, वटी भरल्यालं प्याव हाय. माल इकल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. आन् आज सनाचा दिस.” लिंपलेल्या तोंडावर नानासोंचा शिक्का होता. माझ्याजवळचे मुद्दे संपले होते आणि माणूस चुकत नव्हता. तेवढ्यात पुरणाचे हात तसेच घेऊन हरणाबाई आली, मागून आणखी बाया. तिने आकारामांकडे बघितलेच नाही. त्या लिंपलेल्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, “म्हंजे ती प्वार आतच ऱ्हायली की वो.”

हे माझ्या लक्षात आले नव्हते. कनकलेखा पुस्तकात पेवात होती, आणि पुस्तक पेवात होते. पुस्तक बाहेर येईपर्यंत तिची सुटका होणार नव्हती. दिवाळीपर्यंत नाही. कोणी हसले नाही. आकारामांनी डोक्याचा पटका काढून हरणाबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, “दगड काढा.”

नानासो आले तेव्हा लिंपण फुटले होते. कोणाच्या हुकुमाने, असे त्यांनी जोरात विचारले. एक बाई म्हणाली, आत पोरगी आहे. नानासोंनी कोट काढून फेकला आणि दगडाला हात घातला. पोरगी कागदाची आहे हे कळले तोवर दगड सरकला होता आणि ते घामाघूम झाले होते. त्यांनी कोट झटकला, पण घातला नाही. तिला आत कोणी टाकले, एवढेच विचारले.

आता कंदील. पेव उघडले की आधी पेटता कंदील सोडतात. आकारामांनी दोर हातात घेऊन तो हळूहळू खाली सोडला आणि हात मोजले. सहाव्या हाताला ज्योत लहान झाली. आठव्याला विझली. कोणी फुंकली नाही, वारा नव्हता. ती नुसती नाहीशी झाली, कोणी चिमटीत धरून उचलून न्यावी तशी. मावशी, बरणीत मेणबत्ती विझवण्याचा प्रयोग मी आजवर चाळीस वेळा तरी दाखवला असेल आणि मुले जांभया देतात. इथे बरणी जमिनीची होती आणि मी तिच्या काठावर उभी होते. माझे गणित बरोबर ठरले होते, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. आकाराम दोर वर घेत म्हणाले की त्यांचा धाकटा भाऊ सयाजी कंदील न सोडता उतरला होता, एकोणीस वर्षांचा होता. तेवढेच सांगून त्यांनी कंदील पुन्हा पेटवला.

मग पेवाला वारा घालणे सुरू झाले. दोराला घोंगडी बांधून ती वरखाली करायची, म्हणजे खालची हवा ढवळून वर येते. बाया आळीपाळीने ओढत होत्या, नानासोसुद्धा. बारा वाजता कंदील बाराव्या हाताला विझला. पावणेदोनला तो तळाच्या हळदीला टेकला आणि पंधरा मिनिटे जळत राहिला. माझ्या घड्याळात मी पाहिले. आता उतरायचे कोणी, हा प्रश्न निघाला. एकदा ठेवलेली ओटी पुरुषाने पुन्हा उचलायची नसते. ती बाईनेच घ्यायची. तोंड सव्वादोन फुटांचे, त्याला हरणाबाई नामंजूर होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पदर खोचला, चष्मा दोरीने बांधला आणि खरी ओटी सोबत घेतली. आकारामांनी दोर माझ्या कमरेला स्वतः बांधला आणि गाठ तीनदा ओढून बघितली.

खाली जे होते ते मी जसे होते तसे लिहिते. पायांखाली हळद होती, तिच्यावर चालताना वाळूसारखा पाय आत जातो. उजेड हळदीवर पडून परत येत होता. तो पिवळा नव्हता. त्या रंगाचे नाव मला माहीत नाही, आणि रंगांची नावे माहीत असणे हे माझे काम आहे. वरचे बोलणे फार लांबून, दुसऱ्या गावातून येत असावे तसे ऐकू येत होते, आणि थोड्या वेळाने तेही नाही. मी नाडी मोजली. एकशे आठ. तुझे गाठोडे मध्यभागी होते, वर कुंकू आणि सुकलेले फूल. मी ते उचलले आणि त्याच्या जागी खरी ओटी ठेवली. ठेवताना गुडघे टेकले. कोणाची ओटी भरते आहे हे मी स्वतःला विचारले नाही. त्या वेळी तीनदा बारीक छुम असा आवाज झाला, सारख्या अंतराने, माझ्या डावीकडे. कंदील हलला की त्याची साखळी कडीवर आपटते, तो आवाज. एकूण चार मिनिटे दहा सेकंद मी खाली होते. वर येताना तोंडाच्या दगडावर गुडघा फुटला. आकारामांनी मला काठावर बसवले. माझ्या गुडघ्याकडे न बघता त्यांनी गाठोड्याकडे बघून विचारले, “घावली का?”

पेव लगेच लिंपायला हवे होते, पण कोणी माती कालवेना. पोर बाहेर आल्याशिवाय तोंड बंद करायचे नाही असे सर्वांचे मत पडले, आणि नानासो दगडावर बसलेच. तेव्हा एकोणिसावे प्रकरण मी उघड्या पेवाच्या काठावर वाचले. मावशी, मला तिथे संकोच वाटला, आणि मला तो सहसा वाटत नाही. कारण समई येणार होती. कंदील विझताना सगळ्यांनी सकाळीच पाहिला होता. त्या पंधरा बायांना, नानासोंना आणि आकारामांना समईचे सत्य माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ती ओळ गाळावी असे मनात आले. पण पुस्तक तुझे आहे, म्हणून मी वाचले : ‘तीन दिवस समई तेवत राहिली.’ आणि थांबले. आक्षेप आता येईल म्हणून आकारामांकडे पाहिले.

ते म्हणाले, “हैबतबाई दिवा धरून बसलीया तिच्यापाशी.” थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्या सयाजीपाशी कुनी न्हवतं.”

मी पुढे वाचले. कनकलेखा बाहेर आली. (शार्दूलराव उशिराच आला, पण आला.) बायांनी पेवाच्या तोंडावर हळदकुंकू वाहिले, दगड बसला, आणि लिंपणावर नानासोंनी स्वतः शिक्का उठवला. मी सायकल हाणली. पावणेसहाला हस्तलिखित चिंतामणरावांच्या टेबलावर होते, पाने तीनशे बारा, सर्व पिवळी. त्यांना चार शिंका आल्या आणि लेखक ‘मधुकर’ (म्हणजे तू) हळदीचा व्यापारी आहे काय असे त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही, त्यांनी पेव पाहिलेलेसुद्धा नाही. ते मूळव्याधीचे बाड बाजूला सारून तुझे पहिले पान वाचू लागले आणि मला बसा म्हणायचे विसरले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर : पोचले. खोकल्याला हळद घालून दूध घे. काकांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पोच द्यावी.

तुझी भाची,
चारुशीला

ता. क. : बेचाळीस आक्षेपांची यादी सोबत जोडली आहे. सातवा खोडला आहे. तो खोडण्याचे शास्त्रीय कारण माझ्याजवळ नाही.

दुसरा ता. क. : मुदतीमुळे विसावे प्रकरण आणि त्यापुढचे वाचायचे राहून गेले. चिंतामणराव पुस्तक तयार व्हायला तीन महिने सांगतात आणि कच्ची पाने दाखवत नाहीत. पुढे काय होते ते तू उलट टपाली सविस्तर लिहावेस. हरिपूरच्या बाया रोज कोंडीबाकडून निरोप पाठवतात. त्यांच्यासाठीच विचारते आहे. (मागचे वाक्य खोडायचे होते, पण शाई वाळली.)

तिसरा ता. क. : टपालात टाकण्याआधी आज सकाळी हरिपूरला जाऊन आले. आकारामांचा कंदील मागून घेऊन पाहिला. त्याला साखळी नाही. दोर आहे, थेट कडीला बांधलेला. तेव्हा एवढे मात्र नक्की लिही, की हैबतबाईच्या दोन्ही पायांत पैंजण होते की एकाच. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत तू ते कुठे सांगितलेले नाहीस. मला एकाच पायाचे ऐकू आले.